दिवाडी बेटावर एक दिवस

सहलीत काय पाहिले ते लिहून आणावे, अशी गुरुजींनी आम्हां अकरा जणांस आज्ञा केली होती. त्याप्रमाणे प्रत्येकाने आपल्या वहीत देवालये, चर्चे, पक्षी व फेरीबोट यांची हकीकत लिहिली. परंतु त्या दिवशी आमच्या हातून जी एक चूक घडली, तिचा उल्लेख एकाही वहीत नव्हता. सर्व वह्या वाचून झाल्यावर गुरुजी एवढेच म्हणाले, "बांधाविषयी कोणी लिहिले नाही." म्हणून हा लेख आम्ही सर्वांच्या वतीने लिहीत आहोत.

फेब्रुवारी महिन्यातील रविवार होता. राखेचा बुधवार तीन दिवसांवर आला होता. पहाटे बांद्याहून निघालेली आमची मोटार डिचोलीवरून नार्वे गावी पोहोचली, तेव्हा मांडवीच्या पात्रावरील धुके अद्याप निवळले नव्हते. येथे श्रीसप्तकोटीश्वराचे देवालय आहे. गोव्याच्या कदंब राजांचे हे दैवत मूळचे पैलतीरावरील दिवाडी बेटाचे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस विजयनगरच्या माधवमंत्र्याने बेटावरील त्याचे देऊळ नव्याने उभारले. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखाली ते पाडले गेले आणि भक्तांनी लिंग पाण्यापलीकडे आणले. पुढे १६६८ साली शिवाजी महाराजांनी ऐलतीरावरील देवालयाचा जीर्णोद्धार करविला. आमची शाळा मिशनची. तरी हा इतिहास सांगताना गुरुजींनी कोठेही आवाज खाली केला नाही, हे आम्हांस फार आवडले.

गंमत अशी, की देव ज्या गावाहून आला त्या गावाचे नावही नार्वेच. नदीच्या दोन्ही तीरांवर एकच नाव! मध्ये फेरीबोट. बोटीत दोन बायकांचा वाद चालला होता. एकीचे म्हणणे, बेटाला पूल हवाच. रात्री घरात कोणी आजारी पडले तर बोटीची वाट पाहत बसण्याचे दुःख इतरांस काय कळणार? दुसरी म्हणे, पूल आला की जमिनीला गिऱ्हाईक येईल, आणि मग बेट आपले राहणार नाही. आम्ही कान देऊन ऐकत होतो. आमच्यात मतभेद होऊन आम्हीही भांडू लागलो, तोच पैलतीर आला.

बेटावरील नार्व्यात जुन्या देवळाचे तळे अजून आहे. तेथून भातशेतीच्या कडेकडेने चालत आम्ही पिएदाद गावच्या टेकडीवर गेलो. माथ्यावर शुभ्र चर्च, आणि जवळच्या दफनभूमीतील लहान प्रार्थनागृहात जुन्या देवळाचे कोरीव दगडी काम. टेकडीवरून मांडवीच्या दोन्ही शाखा, पलीकडे चोडण बेटावरील कांदळवने, जुन्या गोव्याच्या चर्चांची शिखरे, असे सर्व एका दृष्टिक्षेपात दिसते. तेवढ्यात कोकण रेल्वेची एक गाडी बेटाच्या अंगावरून धडधडत निघून गेली. बेटावर स्टेशन नाही! "गाडीतल्या लोकांस हे बेट आहे हे तरी कळत असेल का?" असे आमच्यातील धाकट्याने विचारले. त्याचे उत्तर कोणापाशी नव्हते.

आता मुख्य गोष्ट. टेकडी उतरल्यावर गुरुजी सावलीत टेकले आणि आम्ही खाजणाच्या बांधावर धावत सुटलो. ज्या वाचकांस खाजण ठाऊक नसेल त्यांच्याकरिता सांगतो, की ही भरतीच्या पाण्याहून खोल असलेली शेतजमीन होय. नदी येथे समुद्राच्या भरतीबरोबर खारी होऊन चढते. तिला बाहेर थोपविण्यासाठी मातीचे बांध घातलेले असतात. बांधाच्या एका बाजूस कोरगूट जातीचे, खारेपण सोसणारे भात पिकते. दुसऱ्या बाजूस कांदळवनाच्या चिखलात निवट्या उड्या मारतात आणि एकच नांगी मोठी असलेले इवले खेकडे ती उंचावून जणू आपणांस बोलावतात. आमचे सारे लक्ष त्या खेकड्यांकडे. बांधाचा सात-आठ हातांचा भाग काळसर व ओला होता, तो नुकताच दुरुस्त केलेला आहे हे आमच्या ध्यानी आले नाही. आम्ही त्यावरून उड्या मारल्या. तिसऱ्या की चौथ्या उडीस त्याची कड खचून शेतात कोसळली. आम्ही हसलो, हेही लिहिले पाहिजे.

मग दिसले, की मानशीजवळ एक वृद्ध गृहस्थ खोरे हातात घेऊन उभे आहेत. आम्हांस वाटले, आता शिव्या बसणार. ते म्हणाले, "रे भुरग्यांनो, हांगा यात." आम्ही खाली मान घालून जवळ गेलो. त्यांची कोकणी आणि आमची मराठी यांचे चांगलेच जमले. खोरे खाली ठेवून त्यांनी आकाशाकडे नव्हे, पाण्याकडे पाहिले आणि सांगितले, "दोन तासांत भरती लागेल."

त्या दोन तासांत आम्ही जे शिकलो ते कोणत्याही पुस्तकात इतके चांगले शिकलो नसतो. ओहोटीच्या चिखलातून हातांनी गोळे कापून आणावयाचे, एकावर एक ठेवून दडपावयाचे, मध्ये पेंढा घालावयाचा, पुन्हा दडपावयाचे. खेकड्याचे बीळ दिसले तर ते प्रथम बुजवावयाचे. कारण बोटाएवढ्या भोकातून शिरलेले पाणी एका भरतीत हात जाईल एवढी वाट करते. एकदा खारे पाणी शेतात साचले, की ते मीठ पावसानेच धुऊन निघावे लागते. आमच्यातील मुलींचे गोळे मुलांहून अधिक घट्ट बसत होते, असे आजोबांनी दोनदा म्हटले. मुलांनी ते ऐकले नाही असे दाखविले.

विश्रांतीच्या वेळी त्यांनी मानस दाखविली. जांभ्या दगडाच्या चौकटीत लाकडी दारे बसविलेली. भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले, की ती आपोआप मिटतात. ओहोटी लागली, की आतल्या पाण्याच्या भाराने उघडतात. तेथेच जाळे लावून मासे धरतात, आणि तो हक्क लिलावाने दिला जातो. बांध राखणे हे पूर्वी गावकरी संस्थेचे काम. पोर्तुगीज येण्याच्या आधीपासून तिचे नियम चालत आले होते, व १५२६ साली ते लिहूनही काढले गेले, असे मागाहून गुरुजींनी सांगितले. आजोबा म्हणाले, त्यांच्या बालपणी बांध फुटला तर अर्धा गाव कामास उतरत असे. आता त्यांचे दोन मुलगे परदेशी, शेजाऱ्यांचीही तीच तऱ्हा. त्यामुळे ज्याला दिसेल त्याने चिखल उचलावा, अशी स्थिती.

थोड्या अंतरावर हिरवीगार झाडी होती. आम्ही म्हटले, "किती सुंदर वन आहे!" आजोबा म्हणाले, "ते माझे शेत होते." तेथला बांध एका पावसाळ्यात फुटला, कोणी बांधला नाही; खारे पाणी शिरले आणि भाताच्या जागी कांदळ उगवला. कांदळवनास कायद्याचे संरक्षण आहे, म्हणून तो तोडताही येत नाही. कांदळवन असावे, हे आम्ही भूगोलात शिकलो आहोत व ते खरेच आहे. पण त्या क्षणी आमच्यापैकी कोणास काही बोलवले नाही. झाडीत एक बगळा मात्र खुशाल बसला होता.

भरती आली तेव्हा आम्ही काठावर रांगेने उभे होतो. पाणी चढत चढत आमच्या नव्या चिखलास लागले. एके ठिकाणी ओल आतल्या बाजूस पाझरली. आजोबांनी टाचेने तेथे चार वेळा दाबले. मग ती थांबली.

सायंकाळी परत नार्व्यास आलो तो पोतेकार निघाले होते. उपवासकाळापूर्वीच्या या तीन दिवसांत जुनेपाने कपडे अंगावर चढवून, तोंडावर भेसूर मुखवटे लावून, घुंगरा-घंटांचा आवाज करीत ही सोंगे गावातून हिंडतात. मुले त्यांस चिडवितात आणि त्यांनी पाठ धरली की किंचाळत पळतात. मुखवट्याआड कोण आहे हे ओळखावयाचे, पण सोंगाने मात्र बोलावयाचे नाही. आम्हीही पळालो. आमचा धाकटा अडखळून पडला. एक उंच पोतेकार त्याच्यासमोर येऊन थांबला, वाकला, आणि त्याच्या गुडघ्यावरील वाळलेल्या चिखलावर बोट ठेवून मान हलवू लागला. धाकट्याने त्याच्या पायांकडे पाहिले. टाचांना तसाच काळा चिखल लागला होता.

"ओळखले!" असे तो ओरडणार, तोच गुरुजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. फेरीबोटीचा भोंगा वाजत होता.