बर्फाचं देणं

आमच्या खिडकीतल्या कोब्रा लिलीला पाणी मी घालतो, पण ती जगते ती मच्छीमार नगरातल्या माणसांच्या बर्फावर. हे सांगितलं की ऐकणाऱ्याला तो विनय वाटतो. पण त्या झाडाची गरजच अशी आहे की कफ परेडच्या हवेत एकट्यादुकट्याला ती भागवता येणार नाही. आणि तिला नेमकं जे हवं असतं, ते आमच्या वस्तीत मासेमारीच्या हंगामात घरटी असतं.

आधी झाडाबद्दल सांगतो. डार्लिंगटोनिया कॅलिफोर्निका हे तिचं शास्त्रीय नाव. आपल्या सह्याद्रीत पहिल्या पावसात फणा काढून उभा राहतो त्या सापकांद्यालाही काही जण कोब्रा लिली म्हणतात, पण तो अळवाच्या कुळातला. ही वेगळी. ही कीटकभक्षी घटपर्णींपैकी, आणि तिचं माहेर अमेरिकेच्या पश्चिम अंगाला, उत्तर कॅलिफोर्निया आणि ओरेगॉनमध्ये. १८४१ साली विल्क्स यांच्या मोहिमेतल्या विल्यम ब्रॅकनरिजला माउंट शास्ताच्या परिसरात ती सापडली. १८५३ मध्ये जॉन टॉरी यांनी तिचं रीतसर वर्णन केलं आणि पेनसिल्व्हेनियातले वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम डार्लिंगटन यांचं नाव तिला दिलं.

तिचं एक पान जवळून बघावं. खाली अरुंद, वर रुंद होत गेलेली नळी, आणि टोकाला आतल्या बाजूला वाकलेला गोल फणा. तोंड फण्याच्या खालच्या बाजूला. त्या तोंडातून बाहेर लोंबणारी, मासोळीच्या शेपटीसारखी दुभंगलेली जीभ. माशी त्या जिभेवर उतरते, मधाच्या ओढीने चालत चालत आत जाते. फण्याच्या माथ्यावर हिरवेपणा नसलेले पारदर्शक ठिपके असतात, त्यांतून आत उजेड पडतो. बाहेर पडायची खरी वाट खाली अंधारात असते आणि माशी उजेडाकडे धडका देत राहते. दमली की नळीत घसरते. आतले केस खालच्या दिशेने वळलेले, त्यामुळे उतरता येतं, चढता येत नाही. तळाशी पाणी असतं. हे पाणी पावसाचं नव्हे, कारण फण्यामुळे पाऊस आत शिरतच नाही. झाड ते मुळांतून ओढून नळीत आणतं. माशी कुजवण्याचं बरंचसं काम त्या पाण्यातले जिवाणू करतात आणि त्यातलं नत्र झाड घेतं.

आता अडचणीचं. ही झाडं वाढतात ती डोंगरउतारावरच्या झऱ्यांच्या ओलीत, दलदलीत, जिथे जमिनीखालून गार पाणी सतत पाझरत असतं. वरच्या पानांना दुपारचं ऊन चालतं, मुळांना उष्णता चालत नाही. रात्र गार लागते. एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडे रात्रीसुद्धा पारा २६-२७ अंशांच्या खाली सहसा उतरत नाही. माठात ठेवून बघ, असं कुणी सुचवतं. पण माठ गार होतो तो पाणी उडून जातं म्हणून, आणि समुद्राकाठच्या दमट हवेत पाणी उडतंच किती? देशावरचा माठ आणि कुलाब्याचा माठ यांत फरक पडतो तो इथेच.

मला या वाटेला लावलं ते कॉलेजातल्या आमच्या सरांनी. मी वस्तीतला, बापूस खलाशी, घरात शिकलेलं कुणी नाही. भादव्यात सर आम्हाला कासच्या पठारावर घेऊन गेले. तोवर युनेस्कोच्या यादीत पश्चिम घाटाबरोबर कासचं नाव आलेलं नव्हतं, ते २०१२ साली आलं. गर्दी नव्हती. सरांनी मला ओल्या कातळावर पालथं झोपायला लावलं आणि भिंगातून दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती दाखवली. तिच्या पानावरच्या प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, आणि एका थेंबात अडकलेलं चिलट. शेजारी सीतेच्या आसवांचे निळेजांभळे ताटवे. त्या फुलांच्या मुळाशी, पाण्यात, जीव धरणाऱ्या इवल्या पिशव्या असतात हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला खरं वाटेना. ‘झाड कुठलं आहे ते आधी बघ, मग कुंडी बघ,’ हे त्यांचं वाक्य. सर आता नाहीत. कोब्रा लिली त्यांनी फक्त पुस्तकात पाहिली होती.

पुढे बेंगळुरूच्या एका हौशी मित्राने उतिसंवर्धनातून वाढलेलं छोटं रोप मला दिलं. बेंगळुरूची हवा उंचीवरची, तिथेही त्याला ते सांभाळताना कष्ट पडत होते. मी मुंबईला नेतोय म्हटल्यावर तो काही बोलला नाही, फक्त स्फॅग्नम शेवाळाची एक जास्तीची पुडी पिशवीत टाकली. या झाडाला माती नको, शेणखत तर नकोच नको. शेवाळ आणि पर्लाइट एवढ्यावर ते उभं राहतं. खत दिलं की मुळं जळतात.

कुंडी घेऊन मी दारात बसलो होतो आणि बाय बाजारातून परतत होती. बाय म्हणजे आमच्या शेजारची. सख्खं नातं काही नाही, पण माझ्या जन्माच्या वेळी आईजवळ तीच होती. पहाटे ससून डॉकला जाऊन माल घ्यायचा, दुपारपर्यंत विकायचा, ही तिची उभी हयात. शाळा तिने चौथीच्या आत सोडली. मी तिला सांगितलं, मुळं गार ठेवायची आहेत, झाड नव्हे. तिने कुंडीकडे पाहिलं, डोक्यावरची पाटी उतरवली आणि म्हणाली, ‘मंग झाराला बरफ नको लावूस, पेटीला लाव.’

तिने तिच्याकडची थर्माकोलची पेटी काढली. पेटीच्या तळाशी कोपऱ्यात भोक होतं. मी ते बुजवायला निघालो तर तिने हात धरला. ‘म्हावऱ्याला बरफ मारत नाय रे. बरफाचं पानी मारतं.’ वितळलेल्या पाण्यात पडून राहिलेला मासा मऊ पडतो, म्हणून पाणी निथळलंच पाहिजे, हे तिला आयुष्यभराच्या धंद्याने शिकवलेलं. झाडाच्या मुळांनाही साचलेलं पाणी सोसत नाही, त्यांना वाहतं, हवा खेळलेलं पाणी लागतं. कॅलिफोर्नियातला झरा तिने पाहिलेला नाही, पण त्या झऱ्याचं निम्मं तत्त्व तिच्या पेटीच्या भोकात होतं.

आमची रचना तिच्याच बोलण्यातून तयार झाली. बाहेर थर्माकोलची पेटी. आत प्लास्टिकचा टब, त्यात पावसाचं पाणी आणि मधोमध कुंडी. माशांच्या काचेच्या टाकीत बसवतात तसला छोटा पंप ते पाणी कुंडीभोवती फिरवत राहतो. टबाच्या बाहेर, पेटीच्या भिंतीलगत, बर्फ. तो वितळतो आणि भोकातून बाहेर जातो, त्याचं पाणी झाडाच्या पाण्यात मिसळत नाही. कारखान्याच्या बर्फात क्षार असतात आणि डॉकवर फिरून आलेल्या बर्फात मीठही. वरून गोणपाट. बायने आणखी एक गोष्ट सांगितली : भुगा घालू नकोस, लादीचा मोठा तुकडा घाल. भुगा झटकन गार करतो आणि झटकन संपतो. अखंड तुकड्याला हवा कमी लागते, तो रात्रभर टिकतो. मुळांशी ठेवलेला तापमापक १८-२० अंशांवर राहू लागला. नव्या पानाने फणा उघडला तेव्हा मी पहिल्यांदा तिलाच हाक मारली.

बर्फ रोज लागतो. एक दिवस चुकवून चालत नाही. दुपारी बाय परतताना तिच्या पेटीतला उरलेला बर्फ माझ्या दारात. पहाटे नाखवांचा पोरगा डॉकवरून लादी आणतो, तिचा एक तुकडा तोडून खिडकीखाली ठेवतो. नाखवांना मी काका म्हणतो. त्यांच्याच बोटीवर माझा बापूस होता. पैशाचं विचारायला गेलो तर त्यांनी बापसाची एक जुनी हकिगत सांगायला घेतली आणि विषय तिथेच संपवला.

बाहेरून येणारे पाहुणे आमच्या वस्तीबद्दल एकच विचारतात : २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला करणारे ते अतिरेकी इथेच उतरले ना? हो, इथेच, आणि वस्तीतल्या माणसांनी त्यांना हटकलंही होतं. मी पाहुण्यांना मग बर्फाची गोष्ट सांगतो. आमची ओळख तीही आहे, असं मला मनापासून वाटतं. एकोणिसाव्या शतकात या मुंबईला बोस्टनहून जहाजं भरून बर्फ यायचा, तळ्यांतून कापलेला, भुशात गुंडाळलेला. आज अमेरिकेतलं एक झाड मुंबईच्या बर्फावर इथे उभं आहे.

१ जून ते ३१ जुलै महाराष्ट्रात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. बोटी वर ओढलेल्या, डॉक शांत, लादी नाही. पण हेच दोन महिने झाडाच्या पाण्याचे. त्याला क्षार नसलेलं पाणी लागतं. नळाचं पाणी माणसाला उत्तम, झाडाच्या मुळाशी मात्र त्यातले क्षार साचत जातात. म्हणून पावसाचं. आमच्याकडे तेही सरळ मिळत नाही. समुद्र दोन हातांवर, पश्चिमेचा वारा खारे तुषार घेऊन येतो, आणि पत्र्यावरून उतरलेल्या पाण्यात जस्त. वस्तीतल्या मुलांनी यावर तोड काढली. पहिल्या काही सरींनी हवा धुऊन निघाली की जाळी सुकवायच्या मोकळ्या जागेत, उंच बांबूंवर स्वच्छ ताडपत्री ताणायची, मधे दगड ठेवून खोलगट करायची आणि खाली निळं पिंप. पिंपं भरली की झाकणं घट्ट. ते पाणी दिवाळीच्या पुढेही पुरतं. संपलं तर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर विकत आणतो.

आणि बंदीतला बर्फ? तो घराघरांतून. बायने चार दारांत सांगितलं, त्या दारांनी आणखी चार दारांत. थम्स अपच्या रिकाम्या बाटल्या पाण्याने भरून ज्याच्या त्याच्या फ्रीजरमध्ये. संध्याकाळी मुलं गोठलेल्या बाटल्या आणून देतात आणि वितळलेल्या परत नेतात. कुणाच्या बाटलीला लाल दोरा, कुणाच्या बाटलीला जाळ्याचा निळा धागा. यातल्या कित्येकांनी झाड नीट पाहिलेलंही नाही. एवढ्या बायकांनी आपापल्या बर्फाच्या कप्प्यात माझ्यासाठी जागा केली, हे मला अजून पुरतं पचलेलं नाही. आमच्या घरांत त्या कप्प्यातली जागा फार मोलाची असते. सुरमईचे तुकडे, कोलंबी, पाहुण्यांसाठी राखलेलं पापलेट, सगळं तिथेच.

हिवाळ्यात झाडाला विश्रांती हवी. त्याच्या गावी तेव्हा बर्फ पडतो, पानं थांबतात. मुंबईचा डिसेंबर त्यासाठी पुरेसा नाही. जुनी पानं छाटून, मुळं ओल्या शेवाळात गुंडाळून, पिशवीत घालून तीन महिने फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावं लागतं, गोठणार नाही इतपत थंडीत. आमच्या घरातल्या जुन्या फ्रिजचा काही भरवसा नव्हता. बायने तिच्या फ्रिजमधला भाजीचा कप्पा रिकामा करून दिला. दर आठवड्याला ती स्वतः पिशवी उघडून बुरशी आली का बघते आणि मला ओरडून सांगते, ‘झोपलंय तुझं झार.’

तिला झाडाबद्दल एकच कुतूहल : आत काय मेलंय. आमच्याकडे माशांना तोटा नाही. बोंबील, जवळा सुकत घातला की माशा आल्याच. एक वाळलेली नळी मी तिच्यासमोर ब्लेडने उभी चिरली. तळाशी माशांचे पंख, मुंग्यांची डोकी, काळा चिखल. बायने नाक न मुरडता वाकून पाहिलं, बोटाने केसांची दिशा चाचपली आणि म्हणाली, ‘डोलीसारखंच हाय की.’ डोल जाळं तोंडाशी रुंद, शेपटाकडे निमुळतं. भरतीओहोटीच्या ओढीने आत गेलेला मासा परत फिरत नाही. वनस्पतिशास्त्राच्या वर्गात इतकं नेमकं कुणी बोललेलं मला आठवत नाही.

रेबेका ऑस्टिन नावाच्या बाईबद्दल मी तिला सांगितलं ते त्याच दिवशी. १८७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या प्लुमास परगण्यात, सोन्याच्या खाणींच्या वस्तीत राहणारी ही बाई. विद्यापीठ नाही, पदवी नाही. घराजवळच्या दलदलीत जाऊन ती या झाडांच्या नळ्यांत कच्च्या मांसाचे तुकडे घालायची, काय होतं ते दिवसेंदिवस बघायची आणि विल्यम कॅन्बीसारख्या अभ्यासकांना पत्रांनी कळवायची. झाड कीटक पचवतं की नाही, हा वाद तेव्हा रंगलेला होता. डार्विनचं कीटकभक्षी वनस्पतींवरचं पुस्तक १८७५ चं, आणि आमच्या बायचा ससून डॉकही १८७५ चाच. बायने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘तिचा घरवाला काय करायचा?’ खाणीत होता म्हटल्यावर तिने मान हलवली. तिचा माणूस समुद्रात गेलेला.

मी परत काय दिलं? वस्तीतल्या मुलांचे अर्ज लिहितो, दहावीच्या पोरांना विज्ञान शिकवतो. हे फिटणं नव्हे, मला ठाऊक आहे. आणि फिटावं अशी इच्छाही नाही. हिशेब मिटला तर संध्याकाळी बाटली घेऊन कोण येईल?

गेल्या वर्षी झाडाने आडवा धुमारा काढला आणि शेवाळातून दुसरं रोप वर आलं. ते बायच्या नातीला दिलं. अकरावीला आहे, जीवशास्त्र घेतलंय. तिने स्वतःची पेटी केली आहे, भोक आजीने पाडून दिलं. सकाळचं ऊन दहापर्यंत मिळेल अशी पूर्वेची खिडकीही तिने शोधली. यंदा डिसेंबरात तिचं रोप पहिल्यांदा थंडीत जाईल. बायच्या फ्रिजचा तो एक कप्पा दोन रोपांना पुरायचा नाही, म्हणून नाखवा काकांच्या घरी एक कप्पा मागायला मला जायचं आहे.