चाकांवरच्या घरातील पाणी

भाषांतर हा माझा रोजचा व्यवसाय. एखादा शब्द चुकला तर फार तर वाक्य बिघडते, अशी आपली समजूत असते. परंतु एका शब्दाने मला दोन दिवस खोळंबून ठेवले, त्याची हकीकत आपणांस सांगावीशी वाटते.

माझी धाकटी बहीण कॅनडातील कॅलगरी येथे असते. तिच्याकडे मोटरहोम आहे. स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर, पाण्याची टाकी, पंप, गरम पाण्याचा बंब, असे सारे बिऱ्हाड त्या गाडीत सामावलेले आहे. तिचे सासरे तात्या निवृत्तीनंतर तेथे राहावयास गेले आणि गाडीची देखभाल त्यांनी आपण होऊन अंगावर घेतली. इंग्रजी वाचण्याचा त्यांना कंटाळा. “दादा, हिवाळ्याच्या सूचना तात्यांसाठी मराठीत लिहून पाठव,” असे बहिणीचे पत्र आले.

पाणी गोठले की सुमारे ९ टक्के फुगते. नळ्या आणि पंप त्या दाबाने फुटतात. थंडीत गाडीतच मुक्काम असेल तर आतली ऊब कायम ठेवावी, ओट्याखालच्या कपाटांची दारे रात्री उघडी ठेवावीत आणि बाहेरची रबरी नळी काढून टाकीतलेच पाणी वापरावे. गाडी हिवाळाभर उभी राहणार असेल, तर मात्र सर्व पाणी काढून टाकणे भाग आहे. बंब बंद करून पुरता निवू द्यावा, गरम पाण्याचा नळ उघडून आतला दाब उतरवावा आणि मगच बंबाचे बूच काढावे. येथे घाई म्हणजे हात भाजून घेणे.

एवढे करूनही नळ्यांत कोठे ना कोठे पाणी उरतेच. म्हणून बंब वगळून पंपाने नळ्यांत ‘अँटीफ्रीझ’ खेळवतात. प्रत्येक नळातून, थंड आणि गरम दोन्ही, त्याचा रंग दिसू लागेपर्यंत पंप चालू ठेवायचा. थोडे मोरीच्या वाकड्या नळीतही ओतायचे.

माझे गाडे अडले ते येथे. ‘गोठणरोधक द्रव’ हा प्रतिशब्द कोणालाही सहज सुचेल, पण तो पुरा पडत नाही. लडाखमध्ये नोकरी केलेल्या वाचकांना अँटीफ्रीझ ठाऊक असते ते मोटारीच्या रेडिएटरमधले. ते बहुधा एथिलीन ग्लायकॉलचे असते; चवीला गोड, पण पोटात गेले तर मूत्रपिंडे निकामी करून प्राण घेणारे. पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांसाठी लागते ते प्रॉपिलीन ग्लायकॉलचे. नावे जवळपास सारखी, गुण मात्र अगदी भिन्न. याच कुळातील डायएथिलीन ग्लायकॉल औषधी ग्लिसरीनमध्ये आल्यामुळे १९८६ साली मुंबईत १४ रुग्ण दगावले होते.

नळांसाठीचे द्रव बहुधा गुलाबी असते, परंतु रंगावर विसंबणे मला धोक्याचे वाटले; रंग उत्पादक ठरवतो. शेवटी सुटसुटीतपणाचा मोह सोडून मी लिहिले: “पिण्याच्या नळ्यांना चालणारे, प्रॉपिलीन ग्लायकॉलचे. मोटारीच्या इंजिनातले कदापि नव्हे.” शेजारी ते नाव इंग्रजी अक्षरांतही मोठे करून काढले, म्हणजे तात्यांना बाटलीवरील अक्षरांशी ताडून पाहता येईल. आणि शेवटी एक ओळ घातली: वसंतात नळांतून स्वच्छ, बिनरंगी पाणी येईपर्यंत नळ्या धुवाव्यात, टाकी निर्जंतुक करावी आणि मगच त्या पाण्याचा चहा ठेवावा.