उघडी चक्रं

काचेचा घुमट, खाली संगमरवरी बैठक आणि मधे पितळेच्या नक्षीदार चौकटीत उघड्यावर फिरणारी दंतचक्रं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये बहराला आलेलं हे स्केलेटन घड्याळ. लंडनच्या क्लर्कनवेलमधले जॉन स्मिथ अँड सन्स आणि बर्मिंगहॅमजवळच्या हँड्सवर्थचे इव्हान्स ही त्यातली नावाजलेली नावं. कारागीर चौकटीला यॉर्क किंवा लिचफील्डच्या कॅथीड्रलचा आकार देत. तबकडीचा मधला भाग कापून टाकत आणि आकड्यांचं नुसतं कडं ठेवत. अशा घड्याळासमोर उभा राहिलेला माणूस किती वाजले ते विसरतो आणि चक्रांकडेच पाहत राहतो.

त्या चक्रांमध्ये सर्वांत देखणी आहे फ्यूझी. ही शंकूच्या आकाराची, मळसूत्री खाच असलेली पितळी फिरकी. चावी दिली की घड्याळाची कमान, म्हणजे स्प्रिंग, ताठ होते आणि सुरुवातीला जोरात ओढते. आठवडा सरत आला की तिची ताकद ओसरते. घड्याळ मात्र सोमवारीही तेवढंच चालायला हवं आणि रविवारीही. म्हणून कमानीच्या डबीपासून फ्यूझीपर्यंत एक बारीक साखळी असते. कमान जोरात असते तेव्हा साखळी शंकूच्या निमुळत्या टोकावरून ओढते, कमान थकते तसतशी ती रुंद घेराकडे सरकते. जोर कमी झाला तरी तरफ लांबते आणि चक्रांना मिळणारा रेटा जवळपास सारखाच राहतो. पुढे लंबकाच्या प्रत्येक हेलकाव्यागणिक एकेक दात सुटतो. कोंडलेली शक्ती इतक्या संयमानं खर्च होताना पाहणं हा निखळ आनंद आहे.

ती साखळी जवळून पाहावी. सायकलच्या चेनसारखीच तिची रचना, फक्त कड्या चिमुकल्या, आणि प्रत्येक कडी हातानं रिबीट केलेली. अशा साखळ्यांचं मोठं केंद्र होतं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं क्राइस्टचर्च. 1790मध्ये रॉबर्ट कॉक्सनं तिथे हा उद्योग सुरू केला. कड्या जोडायला बसत त्या बायका आणि लहान मुली. गरिबांच्या वर्कहाऊसमधल्या मुलींनाही या कामाला लावलं जाई. अपुऱ्या उजेडात इतकं बारीक काम करून त्यांचे डोळे शिणत, नजर अधू होई.

काचेच्या घुमटातून सगळं दिसतं, त्या मुली तेवढ्या दिसत नाहीत.

यंत्राकडे पाहताना ते चालवणाऱ्या आणि घडवणाऱ्या हातांची आधी चौकशी करायची, ही सवय गांधीजींच्या वर्ध्यानं लावली. 1936च्या एप्रिलअखेर गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. 1940मध्ये त्या गावाचं सेवाग्राम झालं. त्यांच्या कमरेला लटकलेलं इंगरसोल हे अमेरिकन बनावटीचं स्वस्त खिशातलं घड्याळ. त्यातली चक्रं झाकलेली, पण त्यावर चालणारा आश्रमाचा दिनक्रम सगळ्यांसमोर उघडा: पहाटेची प्रार्थना, सफाई, कताई, पत्रव्यवहार, भेटी, सायंप्रार्थना. घड्याळाच्या इतक्या अधीन राहणारा माणूस यंत्राचा वैरी कसा असेल? शिवणयंत्राला तर त्यांनी उघडपणे अपवाद मानलं होतं. माणसाचे कष्ट हलके होतात की त्याचे हात रिकामे होतात, एवढंच त्यांना तपासायचं होतं.

या तपासणीला वर्ध्यात घरही मिळालं. 1938च्या डिसेंबरअखेर मगनवाडीत मगन संग्रहालय सुरू झालं. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम तिथूनच चाले आणि अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा ते सांभाळत. संग्रहालयाला नाव दिलं ते चरख्याच्या सुधारणेत आयुष्य घातलेल्या मगनलाल गांधींचं.

त्याआधी 1929मध्ये अखिल भारत चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अटी वाचल्या की आजही मन भरून येतं. यंत्र हलकं हवं, झोपडीत हातानं किंवा पायानं चालवता यायला हवं आणि किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी. बाईला आठ तास फारसे न थकता त्यावर काम करता यायला हवं. ते वीस वर्षं टिकावं आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. क्राइस्टचर्चच्या मुलींसाठी अशी एक तरी अट कोणी घातली असती तर!

ते बक्षीस कोणालाच मिळालं नाही. गांधीजींच्या हातात मात्र 1930च्या सुमारास येरवड्याच्या तुरुंगात पेटीचरखा आकाराला आला. छोट्या पेटीत दोन चाकं, त्यांना फिरवणाऱ्या दोरीच्या माळा आणि सूत पिळणारी एक चाती. झाकण उघडलं की सगळी रचना समोर. माळ तुटली तर कातणाराच ती बसल्या जागी जोडतो आणि पुन्हा कापसाचा पेळू हातात घेतो.