601 रुपये 80 पैसे

नाताळच्या सुट्टीत घरी गेलो तर माय माझ्याशी नीट बोलेना. दोन दिवसांनी भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघताच म्हणाली, "लागत होते तं मागायचे होते. माह्या खात्यातून काहून काढले?"

मी एक रुपयाही काढला नव्हता. पण घरात एटीएम वापरता येणारा मी एकटाच, त्यामुळे तिचा संशय माझ्यावर येणार हे सरळच होतं. हे तिने किती महिने मनात ठेवलं, देव जाणे.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या अलीकडे. बा गेल्यावर शेताचा पट्टा मायच्या नावावर झाला. मार्केट यार्डात सीसीआयला कापूस दिला की पैसे थेट खात्यात येतात, म्हणून बा असतानाच काढलेलं तिचं बँकेतलं खातं कामी आलं. गेल्या हंगामातले पैसे बियाणं-खताच्या उधारीत गेले आणि 940 रुपये उरले. ते तिने मुद्दाम ठेवले होते, अडीअडचणीला.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन शाखेत गेलो. पासबुक छापून घेतलं आणि बाकड्यावर बसून एकेक ओळ वाचून दाखवली. किमान शिल्लक नाही म्हणून 59 रुपये, असे सहा वेळा. एटीएम कार्डाचे 177. ते कार्ड अजून पाकिटासकट पेटीत पडलंय. एसएमएसचे 17 रुपये 70 पैसे, वर्षातून चारदा. एकूण 601 रुपये 80 पैसे.

मायला कटती नवीन नाही. 2024-25 चा हमीभाव 7521 होता. ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की एका टक्क्याला क्विंटलमागे सुमारे 75 रुपये जातात. आमचा 11 टक्के निघाला होता. तेव्हा ती भांडली, पण मीटरचा काटा तिच्या डोळ्यासमोर होता. इथे काटाच कोणी दाखवला नाही.

काउंटरवरचे साहेब म्हणाले, "मेसेज भेजे हैं." कुठल्या नंबरवर? बाच्या. ते सिम तो गेल्यावर बंद पडलं. म्हणजे नसलेल्या माणसाला मेसेज पाठवायचे आणि त्याचेही पैसे मायकडून घ्यायचे. साहेबांची चूक नाही म्हणा, कॉम्प्युटर आपोआप कापतो.

मग मी नियम शोधले. रिझर्व्ह बँकेने 2014 मध्येच सांगितलंय, आणि ते 1 एप्रिल 2015 पासून लागू आहे: शिल्लक कमी पडली तर आधी कळवा, भरायला निदान महिना द्या, आणि दंड जेवढे पैसे कमी पडले तेवढ्याच्या प्रमाणात घ्या. हजाराला 60 रुपये कमी होते, दंड लागला 59! वर त्या दंडानेच शिल्लक आणखी घटली, म्हणून पुढच्या महिन्यात पुन्हा दंड. स्टेट बँकेने हा दंड 2020 मध्येच बंद केला, 2025 मध्ये आणखी काही सरकारी बँकांनीही. आमची बँक त्यांत नव्हती.

मायचा अंगठा घेऊन दोन अर्ज दिले. एक पैसे परत मिळावेत म्हणून. दुसरा खातं साध्या 'बेसिक' बचत खात्यात बदलायचा. त्यात किमान शिल्लक लागत नाही, कार्डाचा वार्षिक आकारही नाही. ही सोय सगळ्या बँकांत असते, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. तुमच्याही घरी असं खातं असेल तर पासबुक एकदा वाचून बघा. 30 दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी नंबर 14448.

बसमध्ये माय खिडकीबाहेर बघत होती. गाव जवळ आल्यावर म्हणाली, "मले वाटलं होतं तूच..." पुढे बोलली नाही. मीही काही बोललो नाही.

जानेवारीत 354 रुपये परत आले. मी फोन करून सांगितलं. तिने हिशोब घातला असावा, कारण थोड्या वेळाने आवाज आला, "मंग बाकीचे 247?"

पुढचा अर्ज लिहायला घेतलाय.