लुआरकाठचा द्राक्षमळा

फ्रान्समधल्या आंजे शहराजवळ, लुआर नदीच्या उजव्या तीरावर, सावेनिएर नावाचं गाव आहे. तिथल्या पाटीच्या दगडाच्या उतारावर जेमतेम सात हेक्टरांचा कूले द सेरां हा मळा उभा आहे. बाराव्या शतकात सिस्टर्शियन साधूंनी इथे वेली लावल्या. 1962 पासून मळा जोली कुटुंबाकडे आहे, आणि एवढ्याशा तुकड्याला फ्रान्सच्या वाइन कायद्यात स्वतःचं स्वतंत्र मानांकन आहे.

निकोला जोली बँकेतली नोकरी सोडून सत्तरच्या दशकात घरी परतले. तणनाशक मारा, खर्च वाचेल, असा सल्ला त्यांना मिळाला आणि त्यांनी तो मानला. दोनेक वर्षांत मातीचा रंग बदलला, किडामुंगी दिसेनाशी झाली, असं ते स्वतः सांगतात. मग रुडॉल्फ स्टायनर यांनी 1924 मध्ये मांडलेल्या जैवगतिक शेतीवरचं एक पुस्तक त्यांच्या हाती पडलं. 1984 पर्यंत सगळा मळा त्या वाटेवर आला होता.

या पद्धतीत गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर पुरून ठेवतात. वसंतात शिंग उकरलं की आतून काळं, भुसभुशीत, ओल्या मातीच्या वासाचं खत निघतं. हेक्टरी शंभरेक ग्रॅम पुरतं. ते पाण्यात टाकून तासभर घुसळायचं: पाण्यात खोल भोवरा पडेपर्यंत एका दिशेनं, मग तो मोडून उलट दिशेनं. त्यानंतर संध्याकाळी मातीवर शिंपडायचं. शेणाची महती मराठी शेतकऱ्याला सांगायला नको, पण एवढ्याशा मात्रेनं नेमकं काय साधतं हा प्रश्न त्यालाही पडेल. तो रास्त आहे. कॅलिफोर्नियातल्या मर्लोच्या एका मळ्यात जैवगतिक आणि साधे सेंद्रिय वाफे वर्षानुवर्षं शेजारी ठेवून तपासले गेले. 2005 मध्ये छापलेल्या निष्कर्षांत मातीच्या प्रतीत ठळक फरक आढळला नव्हता. शिंग आणि ग्रहताऱ्यांचा हिशोब बाजूला ठेवला तरी ओळींमधलं गवत, कंपोस्ट, उतारावर ट्रॅक्टरऐवजी घोडा आणि रोज वेलीपाशी जाणारा माणूस एवढं उरतंच. मळ्याचं खरं बळ यातच असावं.

काढणी पाहिली की ते पटतं. शेनिन ब्लां ही जात एकसारखी पिकत नाही. एकाच वेलीवर एक घड सोनेरी, दुसरा अजून हिरवट, आणि तिसऱ्यात दोन-चार मणी बोट्रायटिस बुरशीनं तपकिरी होऊन सुरकुतलेले. खायच्या द्राक्षात असा घड फेकून द्यावा लागतो. इथे त्या मण्यांतली दाटलेली गोडी हवी असते, म्हणून मजूर तीन-चार आठवडे त्याच ओळींतून पुन्हा पुन्हा फिरतात आणि त्या दिवशी तयार असलेलंच तोडतात.

एवढं मळ्यात झालं की तळघरातलं काम कमी होतं. बाहेरचं यीस्ट घालायचं नाही. सालीवरून आणि तळघरातून जे येतं त्यावरच रस आंबतो, तोही जुन्या लाकडी पिंपांत. मळ्यात कडक बुरशीनाशकं मारली तर सालीवरचं यीस्टही मार खातं. फवारणीचा निर्णय असा थेट पिंपापर्यंत पोचतो.

खरी अडचण तांब्याची आहे. डाऊनी या बुरशीजन्य रोगावर उपाय म्हणून 1885 मध्ये मिलार्दे यांनी मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण जगापुढे मांडलं, आणि सेंद्रिय शेतकरी आजही त्यावरच विसंबतो. पण तांबं कुजत नाही, मातीत साठत जातं, गांडुळांना बाधतं. युरोपीय संघानं 2019 पासून सात वर्षांत हेक्टरी 28 किलोची मर्यादा घातली आहे. पाऊसमान जास्त असलं की फवारा धुऊन जातो, पुन्हा मारावा लागतो आणि हिशोब लवकर संपतो. नेटल या दाहक पानांच्या वनस्पतीचे काढे मदतीला असतात, पण ते तांब्याची जागा घेत नाहीत. रोगाला दाद न देणाऱ्या नव्या जाती आल्या आहेत. सावेनिएरच्या नियमांत मात्र शेनिनलाच जागा आहे. अशा नैसर्गिक वाइनचं कौतुक करताना तांब्याची ही गोष्ट सांगायला हवी, ती बहुधा सांगितली जात नाही.

हीच शेनिन नाशिकलाही आहे. तिथली वेल हिवाळ्यात झोपत नाही. एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी, आणि परतीचा पाऊस लांबला की डाऊनी कोवळ्या फुटीवरच येते. त्यामुळे लुआरचं वेळापत्रक तिथे उचलून लावता येणार नाही. पण छाटलेल्या काड्या बांधावर पेटवण्याऐवजी त्यांचा चुरा करून ओळीतच पसरणं, वर उसाचं पाचट टाकणं, दोन ओळींमध्ये ताग पेरून तो जिरवणं, यासाठी युरोपातून काही आणावं लागत नाही. नाशिकच्या काही बागांत ते होतंही, आणि वाइनच्या द्राक्षाला ते जास्त सोयीचं आहे. कारण त्यात मण्याची फुगवण आणि चकाकी यांच्यामागे धावावं लागत नाही.