गुडघ्यांची साक्ष

दीपनगरच्या वसाहतीत सकाळी दोन गोष्टी नेमाने वर येतात : औष्णिक केंद्राचा धूर आणि माझ्या गुडघ्यातली कळ. नोकरी सगळी खुर्चीत गेली. पण निवृत्त झालो आणि गुडघे असे वाजू लागले, की कोळशाच्या वाघिणी जणू मीच उपसत होतो! डॉक्टर म्हणाले, "वय झालं." एवढं तर आमची ही फुकटात सांगते.

मग मी वाचत बसलो. सिरियातल्या अबू हुरैरा इथले हजारो वर्षांपूर्वीचे सांगाडे थिया मॉलेसन या बाईंनी तपासले. बायकांच्या पायांचे अंगठे झिजलेले, गुडघ्यांशी हाड वाढलेले, पाठीचे मणके खचलेले. कारण? रोज गुडघे टेकून, अंगठ्यांवर जोर देऊन, दगडावर तासन्‌तास धान्य रगडणे. हे त्यांनी १९९४ साली लिहिले. अर्थात झीज वयाने, वजनाने, आनुवंशिकतेनेही होते. नुसत्या गुडघ्यावरून कोणाचा धंदा ओळखू नये, असे जाणकार बजावतात. बरे झाले! नाहीतर माझी नोंद 'हमाल' अशी व्हायची.

मायला मी आपल्याकडच्या, घोडनदीकाठच्या इनामगावची गोष्ट सांगितली. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ तिथे उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वी तिथे मोठ्या माणसाला घरातच पुरत आणि पुरताना पावले घोट्यापासून तोडत. मेलेल्याने उठून चालू लागू नये म्हणून, असा तर्क आहे.

माय म्हणाली, "पावलं तोडली अन् गुडघे ठेवले? मेल्यांनी दुखायचं तेच ठेवलं!"

मी हसलो आणि सहज तिच्या पायांकडे पाहिले. अंगठे वाकडे झालेले. पहाटेचे जाते, सांजचा पाटा-वरवंटा. कळण्याच्या भाकरी आम्ही खाल्ल्या, पीठ तिने पाडले. त्या पायांना नमस्कार पुष्कळ केले होते. ते नीट पाहिले कधी नव्हते. शिवाय आमच्यात जाळतात. तिच्या कष्टांची साक्ष द्यायला हाडे काही उरायची नाहीत. असतील नसतील ती तापीत जातील. जे वाचायचे ते आत्ताच वाचायला हवे.

तेलाची वाटी घेऊन मी तिच्या पायांशी खाली बसलो. चांगला अर्धा तास चोळून दिले.

उठताना मात्र तिलाच मला हात द्यावा लागला.