धर्माची गाय

‘धर्माची गाय अन् दात का गं नाय?’ ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो. फुकट मिळालेल्या वस्तूत खोट काढणाऱ्याला गप्प बसवण्यासाठी घरातली वडीलधारी माणसे ती वापरत. २०२३ साली ती मी स्वतःलाच अनेकदा ऐकवली. पण समाधान झाले नाही.

मी १९९९ पासून संगणकावर लिनक्स वापरतो. विंडोजप्रमाणेच संगणक चालवणारी ही एक मूलभूत व्यवस्था. लायनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीतील विद्यार्थ्याने १९९१ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तिचा गाभा लिहून जगापुढे ठेवला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातील साधनांची त्याला जोड मिळाली. नुसत्या गाभ्यावर मात्र सामान्य माणसाचे काम भागत नाही. लेखन, छपाई, चित्रे, अक्षरवळणे असे सारे साहित्य त्याभोवती जुळवून द्यावे लागते. अशा तयार संचाला डिस्ट्रिब्युशन म्हणतात. धान्य एकच, स्वयंपाकघरे अनेक, असा हा प्रकार.

आमच्या इंदूरच्या भागात एक लहानसे मराठी वाचनालय आहे. तेथील जुन्या संगणकावर २०१४ मध्ये मी आग्रहाने असा एक संच बसवून दिला. पैसे लागणार नव्हते हे एक कारण. दुसरे कारण मराठीचे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक हिंदी वातावरणात वाढलेल्या टंकलेखकाला पटवून देता देता आमची पिढी थकली. वाचनालयाच्या ताईंना मी इन्स्क्रिप्ट कळफलक शिकवला. शिफ्टसह जे ही कळ दाबली की ‘ऱ’ उमटतो, आणि त्याला हलन्त व य जोडला की ‘ऱ्य’ होतो, हे पाहिल्यावर त्यांचा चेहरा खुलला. “म्हणजे आता ‘दऱ्या’ला कुणी ‘दर्या’ करणार नाही!” असे म्हणून त्यांनी ग्रंथसूचीचे काम अंगावर घेतले. वयाच्या साठीनंतर शिकून, रोज दुपारी थोडे थोडे करीत, त्यांनी ४,००० हून अधिक पुस्तकांच्या नोंदी केल्या.

२०२३ च्या उन्हाळ्यात त्या संचाची नवी आवृत्ती मी हौसेने चढवली. दिसायला ती देखणी होती. दुसऱ्या दिवसापासून मात्र संगणक सुरू होऊन हाताशी यायला सहा-सात मिनिटे लागू लागली. तबकडी सतत घरघर करी. लेखनाचा कार्यक्रम उघडेपर्यंत चहा होऊन जाई. आणि उघडल्यावर ताईंनी मराठी कळ दाबली की पडद्यावर रोमन अक्षर उमटे. मी चार दुपारी तेथे बसलो. पंचवीस वर्षांचा अनुभव पणाला लावला. एक दोष दूर करावा तो दुसरा उभा राही. पाचव्या दिवशी गेलो तेव्हा संगणकावर कापड घातलेले होते आणि ताई जाड वहीत, शाईच्या पेनाने, नव्या पुस्तकांची नोंद करीत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. तेच मला अधिक लागले.

घरी येऊन संतापाच्या भरात त्या संचाच्या कर्त्यांना एक तक्रार लिहायला घेतली. ‘तुमची नवी आवृत्ती अत्यंत संथ व निरुपयोगी आहे,’ एवढे लिहिले आणि थांबलो. मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत असे मोघम अर्ज मी कितीतरी पाहिले होते. ‘रस्ता खराब आहे’ एवढेच लिहिणाऱ्याचा अर्ज नस्तीबद्ध होई. कोणत्या गावाजवळ, कोणत्या मोरीपाशी, कोणत्या पावसानंतर, हे लिहिणाऱ्याच्या अर्जावर निदान चौकशी निघे. आता अर्जदार मी होतो.

मग शांतपणे मोजमाप केले. संगणकाची स्मृती अवघी २ जीबी. त्यांपैकी दीड जीबी कोणताही कार्यक्रम न उघडताच खर्ची पडत होती. उरलेल्यात न मावणारे सारे यंत्र तबकडीवर हलवी, आणि फिरती तबकडी स्मृतीच्या मानाने फारच मंद. त्यातच, पुढे शोध जलद व्हावा म्हणून सर्व फाइली चाळून ठेवणारा एक कार्यक्रम पाठीमागे चालू होता. लेखनाचा कार्यक्रम आता स्वतःच्या साऱ्या सामग्रीसह एका बंदिस्त गाठोड्यात येत होता. ते गाठोडे उघडायला वेळ लागे आणि त्याच्या भिंतीआड मराठी कळफलकाची व्यवस्था पोहोचतच नव्हती. तीन दोष, तीन वेगळे अर्ज. एकाची नोंद आधीच झालेली होती. दुसऱ्याला सौजन्यपूर्ण उत्तर आले की ही आवृत्ती नव्या यंत्रांसाठी आखलेली आहे. तिसऱ्याचे उत्तर आले नाही.

उत्तरात चूक काहीच नव्हती. ग्नूच्या परवान्यात स्पष्ट लिहिलेले असते की वस्तू आहे तशी दिली आहे, तिची कोणतीही हमी नाही. रात्री जागून, मोबदला न घेता काम करणाऱ्या अनोळखी माणसांकडे मी हमी कोणत्या तोंडाने मागावी? पण ताईंशी बोलताना मी परवाना वाचून दाखवला नव्हता. “निर्धास्त राहा, हे कधी अडणार नाही,” असे मीच त्यांना सांगितले होते. गाय धर्माची खरी. पण ती दुसऱ्याच्या गोठ्यात नेऊन मी बांधली होती. तेथे तिच्या दातांचा जाब मलाच द्यायला हवा होता. नव्याची हौस माझी, आणि तिची किंमत मोजली ताईंनी. यंत्राला काय झेपेल हे अनुभवी माणसाने आधी पाहायचे असते, ते मी पाहिले नाही.

त्या जूनमध्ये डेबियनची बारावी आवृत्ती प्रसिद्ध झाली. १९९३ पासून चाललेला हा संच सावकाश बदलणारा म्हणून ओळखला जातो. या वेळी आधी घरच्या तशाच जुन्या यंत्रावर पंधरा दिवस वापरून पाहिला, हलका एक्सएफसीई पडदा निवडला, नोंदींच्या दोन प्रती काढल्या, आणि मगच वाचनालयात गेलो. स्मृतीचा खर्च ६०० एमबीच्या आसपास आला. कळफलक पूर्ववत चालू लागला.

ताईंनी कापड काढले, ‘दऱ्या’ लिहून पाहिले आणि मान डोलावली. आता त्या पुन्हा संगणकावर नोंदी करतात. मात्र संध्याकाळी निघण्यापूर्वी त्या दिवसाच्या नोंदी वहीत उतरवून घेतात. मी एकदा म्हटले, “ताई, आता याची गरज नाही.” त्या म्हणाल्या, “असू द्या हो, भाऊ. वहीला सुरू व्हायला वेळ लागत नाही.”

मी पुन्हा आग्रह केला नाही.